बसऱ्याला न पोचलेलं पत्र

लंडनला जाऊन आलेला माणूस निदान वर्षभर लंडनबद्दल बोलतो, असा औरंगाबादच्या आमच्या सिडकोतल्या कॉलनीचा अनुभव आहे. मी तिथला राजवाडा पाहिला नाही, आणि नदीवरचा प्रसिद्ध पूल पाहिला तो बसच्या खिडकीतून, तोही चुकीच्या बसच्या. नऊ दिवसांतले सात मी एका खोलीत बसून काढले. तरी सांगण्यासारखं बरंच आहे, कारण त्या खोलीत मला माझ्या सासुरवाडीचं पत्र सापडलं.

आमच्या घरात सात पिढ्या कारकुनी. मीही सरकारी कचेरीत जमिनींचे जुने कागद लावण्यात पस्तीस वर्षं घालवली आणि मोडी वाचण्यात नाव मिळवलं. निवृत्त झाल्यावर रविवारी मोडीचा वर्ग काढला. त्यात अकरा मुलं आली. त्यांतली नऊ प्रमाणपत्रासाठी, एक वडिलांच्या धाकानं आणि एक खरोखर शिकायला. ही शेवटची म्हणजे केतकी. पुढं ती लंडनला गेली आणि तिथल्या एका मोठ्या दफ्तरखान्यात जुन्या कागदांच्या कामाला लागली. मी लंडनला गेलो त्या वर्षी जानेवारीत तिनं मला एका घडी घातलेल्या, लाखेनं बंद केलेल्या कागदाचा फोटो पाठवला. वर मोडीत पत्ता होता: पैठणाहून, मुक्काम बसरा.

हा कागद लंडनला कसा पोचला ते आधी सांगतो. युद्धाच्या दिवसांत तिकडचे राजे खाजगी जहाजवाल्यांना परवाना देत. शत्रूचं व्यापारी जहाज दिसलं तर धरा, माल तुमचा, आमचा वाटा तेवढा ठेवा. म्हणजे दरोडाच, फक्त शिक्क्यानिशी. पण दरोडा कायदेशीर आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागे. म्हणून जहाजावरचा कागद न् कागद, अगदी लोकांची घरगुती पत्रंसुद्धा, पोत्यात भरून लंडनला नेत. सुरतेहून इराकातल्या बसऱ्याकडं निघालेलं एक फ्रेंच जहाज असंच धरलं गेलं. माल विकला, जहाज विकलं, धरणारे मेले, धरलेलेही मेले, पण पोतं अडीचशे वर्षं तसंच राहिलं. आमच्या कचेरीत याच्या बरोब्बर उलट व्हायचं. जमीन जागच्या जागी असायची आणि कागद गहाळ.

फोटो पाहून मी दोन मिनिटांत उत्तर पाठवलं, "व्यापारी पत्र. विषय कापड." पैठणहून बसऱ्याला दुसरं काय जाणार? त्यांनी ते तसंच नोंदवलं, आणि पत्र उघडताना वाचायला मलाच बोलावलं. तिकीट त्यांचं.

निघण्याआधी

ते टँकरचं वर्ष होतं. शहर जालना रोडनं शेंद्र्याकडं, तिकडं वाळूजकडं असं चहूबाजूंनी पसरत चाललं होतं. जिथं ज्वारी बघितली तिथं प्लॉटच्या खुणांचे पांढरे दगड दिसत होते. नळाला मात्र सहाव्या दिवशी पाणी यायचं, तेही पाऊण तास. त्या पाऊण तासात कॉलनीत कुणी मेलं असतं तरी त्याला थांबावं लागलं असतं.

माझी बायको शैला मूळची पैठणची. तिच्या आईची दोन खोल्यांची जागा तिच्या नावावर आहे. तीन वर्षं ती मला एकच प्रश्न विचारत होती, "पैठणला राहायला जायचं का?" तिचं म्हणणं साधं होतं. "आपल्याला पाणी कुठून येतं? पैठणच्या धरणातून. ते तिथून निघून आपल्याकडं पोचायला सहा दिवस लावतं. आपण एसटीनं दीड तासात तिथं जातो. मग कुणी कुणाकडं जावं?"

यावर मी म्हणायचो, "बघू."

हा शब्द मला वारशानं मिळाला आहे. अर्जदाराला 'नाही' म्हटलं तर तो वर तक्रार करतो, 'हो' म्हटलं तर काम करावं लागतं. 'बघू' म्हटलं की तो चहा पाजून निघून जातो. सात पिढ्या आम्ही या शब्दावर जगलो. शैलाशी लग्न झाल्यापासून अडतीस वर्षं मीही त्यावरच काढली. मनातून मला कॉलनी सोडायची भीती वाटत होती, हे खरं कारण. पारावरची चार ओळखीची माणसं, रविवारचा वर्ग, मोईनभाईंच्या दुकानातला चहा, यापलीकडं मला काही येत नव्हतं.

मी बॅग भरत होतो तेव्हा शैला दारात उभी राहिली. "पाडव्याला मी गुढी पैठणला उभी करणार," ती म्हणाली. "लंडनहून हो किंवा नाही यातलं एक घेऊन या. पुन्हा बघू म्हणालात तर मी एकटी जाईन. भांडण नाही. नुसती जाईन."

ती भांडत नाही, हीच अडचण आहे. जे म्हणते ते करते.

पहिला दिवस

केतकीनं माझी सोय डोरीन नावाच्या एका विधवा बाईंच्या घरी केली होती. वरच्या मजल्यावर खोली आणि खोलीला लागून न्हाणीघर. तिथं एकाच भांड्यावर दोन नळ होते, एक चटका देणारा आणि एक बधिर करणारा. दोन्हींच्या मधलं पाणी हवं असेल तर हात पटापट इकडून तिकडं न्यायचे. एवढी सुधारलेली माणसं ही शिक्षा का भोगतात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहाटे पाचला सवयीनं जाग आली. नळ सोडून बघितला, पाणी होतं. मी विचार केला नाही. हातच चालू लागले. दोन पेले, किटली, दाढीचा मग, टब काठोकाठ आणि शेवटी केराची बादली धुऊन तीही. मग निवांत बसलो.

डोरीनबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. खाली जाऊन त्यांनी केतकीला फोन केला, की तुमच्या सरांचा काही धार्मिक विधी आहे का. केतकी घाईत होती. दुष्काळ, सिडको आणि जायकवाडी हे सगळं समजावण्यापेक्षा ती "हो" म्हणून मोकळी झाली. त्या दिवसापासून डोरीनबाई माझ्या न्हाणीघरासमोरून चवड्यांवर चालायच्या. नवव्या दिवसापर्यंत त्यांनी त्या टबातला थेंब सांडू दिला नाही.

संध्याकाळी त्यांनी उकडलेले वाटाणे आणि उकडलेला बटाटा वाढला. दोन्हींत मिठाचा संशय येईल एवढंच मीठ होतं. मी पिशवीतून शैलानं दिलेला ठेचा काढला. बाईंनी "हे काय?" असं विचारून चमचाभर तोंडात टाकला. मी सांगेपर्यंत उशीर झाला होता. स्वयंपाकघरात नळ होता हे त्या विसरल्या आणि पाण्यासाठी वर धावलेल्या माझ्यामागं जिना चढून साठवलेले दोन्ही पेले आणि दाढीचा मग रिकामा करून गेल्या. पाणी साठवावं ते अशासाठी.

दुसरा दिवस

दफ्तरखान्यात शिरायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आमच्याकडं सातबारा निघतो, म्हणजे साहेब जागेवर असतील तर. पेन बाहेर, पाण्याची बाटली बाहेर, कोट बाहेर, खिशातली सुपारी बाहेर. आत फक्त पेन्सिल आणि स्वच्छ कोरडे हात. माझ्यासमोर हेलन नावाच्या बाई होत्या. जुने कागद दुरुस्त करणं आणि उघडणं हे त्यांचं काम. साठीच्या आसपास, बोलणं हळू, आणि कागदाला हात लावताना चेहऱ्यावर असा भाव की बाळ झोपलंय.

आधी सराव म्हणून त्यांनी त्याच जहाजावरची हिशेबाची एक वही पुढं ठेवली. मी उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं आणि पान उलटायला पुढं केलं.

हेलनबाईंनी माझं मनगट हवेतच धरलं. अडतीस वर्षांत शैलाखेरीज कुठल्या बाईनं माझं मनगट धरलं नव्हतं, तिनंही मोजून दोनदा. खोलीत बसलेले सगळे बघायला लागले. केतकी लालबुंद झाली.

"सर, थुंकी नाही लावायची," ती पुटपुटली.

"मग पान सुटतं कसं?"

"थांबायचं, सर. सुटतं."

आमच्या कचेरीत थुंकी न लावता पान उलटणाऱ्याला नवशिका समजत. उलटलेल्या पानांचा उजवा कोपरा काळा असेल तर फाइल नीट तपासली गेली अशी खात्री. पुढं दोन तास मी एक हात मांडीखाली दाबून वाचन केलं.

तिसरा दिवस

पत्र उघडायला हेलनबाईंना सकाळ पुरली. पातळ सुरीनं लाख सोडवली, ओलसर हवेत कागद मऊ केला, एकेक घडी उलगडली. शेवटच्या घडीतून टेबलावर चिमूटभर वाळू सांडली. शाई टिपायला पूर्वी वाळू भुरभुरत, ती आत राहून गेली होती.

"कुठली असेल?" केतकीनं विचारलं.

"पैठणची. गोदावरीची."

हेलनबाईंनी कुंचल्यानं कण न् कण गोळा केला, कागदी पुडीत घातला आणि पुडीवर क्रमांक लिहिला. आमच्याकडं याच वाळूसाठी डंपरची रांग लागते आणि पात्रात खड्डे पडलेत. जिला कुणी हात लावणार नाही अशी गोदावरीची वाळू बहुधा एवढीच उरली आहे, आणि ती लंडनमध्ये आहे. हे मी हेलनबाईंना सांगितलं तर त्यांनी पुडी आणखी एका पुडीत घातली.

मग मी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि वाचायला लागलो. "श्रीमंत राजमान्य राजश्री, स्वामींचे सेवेसी, आज्ञाधारक साष्टांग नमस्कार विनंती उपरी येथील क्षेम जाणोन स्वकीय लेखन आज्ञा करणे. विशेष..." हा मायना, म्हणजे पत्राच्या सुरुवातीचा ठरलेला नमस्कार. मोडी वाचणाऱ्याला तो झोपेत येतो. आवाज लागला होता. केतकी इंग्रजीत सांगत होती, हेलनबाई भारावून लिहीत होत्या. आजूबाजूची दोन माणसंही वाचन थांबवून ऐकत होती.

"सर," केतकी हळूच म्हणाली, "एवढं सगळं या पहिल्या दीड ओळीत आहे?"

मी तेव्हा पहिल्यांदा कागदाकडं पाहिलं. तोपर्यंत मी पाहिलंच नव्हतं. पस्तीस वर्षं प्रत्येक कागद असाच सुरू झाला होता, म्हणून हाही तसाच असणार असं धरून मी पाठ म्हणत होतो. कागदावर पहिली ओळ अशी होती: "सगुणाचा नमस्कार. कागद थोडा, सबब मायना लिहविला नाही."

केतकीनं ओठ दाबून धरले, पण खांदे हलत होते. हेलनबाईंना काय झालं ते सांगावंच लागलं. त्यांनी शांतपणे खोडरबर घेतलं आणि लिहिलेलं अर्धं पान पुसलं. पेन्सिल का देतात ते मला तेव्हा समजलं.

पुढचं मी अक्षराला अक्षर लावून वाचलं. ते व्यापारी पत्र नव्हतं. कापडाचा उल्लेख एवढाच, की माग बंद पडले आहेत. सगुणाचा नवरा त्रिंबक एका व्यापाऱ्याबरोबर कारकून म्हणून बसऱ्याला गेला होता. तिनं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं:

"नदीस पाणी राहिले नाही. विणकर बऱ्हाणपुरास निघाले. भाऊ मज न्यावयास आला आहे. इथेच बसू की त्याजबरोबर जाऊ, हे पूर्वी दोन पत्री पुसिले. आपण लिहिले की पाहू. पाहू पाहू म्हणता दोन पावसाळे कोरडे गेले. आता एक अक्षर लिहावे. दिवाळीपर्यंत वाट पाहते. नंतर माझे विचारे करीन. मग बोल लावू नये."

"पाहू" हा शब्द मी तीनदा वाचला. केतकीला वाटलं अक्षर लागत नाही, म्हणून ती भिंग घेऊन आली. अक्षर स्वच्छ लागत होतं. आमच्या धंद्यातला तो माणूस अडीचशे वर्षांपूर्वी बसऱ्यात बसून बायकोला 'बघू' कळवत होता, आणि मी समुद्र ओलांडून त्याच्या बायकोचं उत्तर ऐकायला आलो होतो. मला फार शरम वाटली.

"मग तिनं काय केलं?" हेलनबाईंनी विचारलं.

"ठाऊक नाही. पत्र पोचलंच नाही," केतकी म्हणाली.

हेलनबाईंनी नोंदीतलं 'व्यापारी पत्र, विषय कापड' खोडलं आणि माझ्याकडं पाहिलं. आता काय लिहायचं? मी म्हटलं, "लिहा, बायकोचा प्रश्न. उत्तर नाही."

पोस्ट

त्या दुपारी मी शैलाला फोन लावला. 'हो' म्हणायचं पक्कं ठरवलं होतं.

"हॅलो, ऐक, मला एक सांगायचंय."

"थांबा, पाणी आलंय," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

पाण्याचा सहावा दिवस होता. पाऊण तासानं पुन्हा लावायला हवा होता, पण तेवढ्यात माझा धीर गेला. ज्या तोंडानं अडतीस वर्षं 'बघू' म्हटलं त्याला 'हो' म्हणायची लाज वाटत होती. केतकी म्हणाली, "सर, मेसेज टाका." मला ते पटलं नाही. पोस्टात जाऊन मी पाकीट आणि कागद घेतला. लिहायला बसलो तर हातातून मायना उतरायला लागला, 'सौभाग्यवती' पासून पुढं. तो कागद फाडला. दुसऱ्यावर दोनच ओळी लिहिल्या, चिकटवला, पत्ता घातला आणि तांबड्या पेटीत टाकला. मुलीचं लग्न पार पडल्यावर वाटलं होतं तसं हलकं वाटलं.

उरलेले दिवस पोत्यातले दुसरे कागद लावण्यात गेले. निघताना डोरीनबाईंनी टबाकडं बोट करून विचारलं, आता हे पाणी कुठं सोडायचं असतं. मी सांगितलं, झाडाला. त्यांनी ते खरंच बादली-बादलीनं खाली नेलं.

परत

पाडव्याला बारा दिवस होते. पत्र आलं नव्हतं. मी रोज अकरा वाजता फाटकाशी उभा राहायचो. पोस्टमन मला पाहून दुरूनच मान हलवायला शिकला.

"काय ठरलं लंडनला?" शैलानं पहिल्याच दिवशी विचारलं.

"कळेल."

"कळेल? हा बघूचा धाकटा भाऊ का?" असं म्हणून ती आत गेली. मग पुन्हा एकदाही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची ट्रंक खाली आली. तिसऱ्या दिवशी तिनं तुळशीची कुंडी शेजारी मोईनभाईंकडं दिली. मोईनभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "साब, भाभी का मामला सीरियस है. कुछ बोलो ना."

मी बोलणार होतो, पण पत्र वाटेत होतं. ते पोचायच्या आत तोंडानं सांगितलं तर पत्र फुकट जाणार, असा माझा कारकुनी हिशेब. आज ना उद्या येईलच, म्हणत मी अकरा दिवस काढले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही मध्यवर्ती बसस्थानकावर होतो. ट्रंक टपावर गेली. गुढीचा तांब्या माझ्या हातात होता, कारण मी तिला पोचवायला आलो होतो. शैला खिडकीशी बसली. वाहक घंटीच्या दोरीला हात लावून उभा.

"शैला, मी तुला पत्र टाकलंय. लंडनहून."

"मला? काय लिहिलंय?"

"येईल तेव्हा वाच."

हे मी खरंच म्हणालो. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, थकून पाहिलं. मग तांब्यासाठी खिडकीतून हात बाहेर काढला. तो रिकामा हात बघून मला ती कागदाची घडी आठवली, आणि पोत्यात पडून राहिलेला तो प्रश्न. मी तांब्या तिला दिला नाही. तो काखेत मारून दाराकडं पळालो आणि चढलो.

"हो लिहिलंय," मी म्हटलं. धाप लागली होती. "हो. पैठणला जाऊ."

बसमधली सगळी माणसं बघत होती. शैलानं मांडीवरची पिशवी उचलून माझ्यासाठी जागा केली.

"कपडे?"

"नाहीत आणले."

"तिकीट तरी काढा मग."

वाटेत बिडकीन गावाच्या पुढं मी तिला सगुणाचं सगळं सांगितलं. तिनं रस्त्याकडं बघत ऐकलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "दिवाळीपर्यंत म्हणाली होती ना? मग गेली असंल ती. एक दिवस जास्त थांबली नसंल." तिनं हे इतक्या खात्रीनं सांगितलं की मी ती नोंद केतकीला कळवून टाकली.

पैठण

पैठणलाही त्या वर्षी काही पाण्याचा पूर नव्हता. पण एक दिवसाआड नळ येतो, आणि संध्याकाळी घाटावर बसायला चार माणसं मिळाली आहेत. त्यांतल्या दोघांना मोडी शिकायची आहे.

दीड महिन्यानं मोईनभाई स्कूटरवर आले. पायाजवळून तुळशीची कुंडी काढली आणि खिशातून पाकीट. माझंच होतं. त्यावर शिक्के एवढे की पत्ता शोधावा लागत होता. कॉलनीच्या नावापुढं मी नुसतं 'औरंगाबाद, इंडिया' असं लिहिलं होतं. राज्य नाही, पिनकोड नाही. पस्तीस वर्षं लोकांचे अर्ज अपुऱ्या पत्त्यासाठी परत पाठवणाऱ्या माणसानं हे केलं होतं. पत्र बिहारमधल्या औरंगाबादला जाऊन, तिथं माझी चौकशी करून, कुणा भल्या माणसाच्या 'महाराष्ट्रात पाहा' अशा शेऱ्यासह आमच्या औरंगाबादला आलं होतं.

"भाभी, बडी दूर से आया है," मोईनभाई म्हणाले.

शैलानं ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवायला निघाली.

"अगं, उघड तरी."

"त्यात काय हाय ते मी बसमध्ये ऐकलंय," ती म्हणाली. "राहू दे बंद. अडीचशे वर्षांनी उघडतील, तेव्हा उत्तर तरी सापडंल त्यांना."